आम्ही लेखिकेच्या दारावर गेलो

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मी काय शिकते हे घरी सांगताना मला अजूनही अडखळायला होतं. चुलतभावाने आयटीआयला वेल्डिंग शिकल्यावर पहिल्याच सुट्टीत गोठ्याचं तुटलेलं फाटक जोडून दिलं. मी मराठी घेऊन बी.ए. करते. जोडून दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. मोठी माय, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, सरळ विचारायची, "मराठी तं आपलेबी येस. त्यामां शिकानं काय शे?"

तिला उत्तर देता यावं असं मला फार वाटायचं, पण उत्तर मलाच ठाऊक नव्हतं.

धुळ्यात देवपूरच्या आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी एका लेखकावर प्रकल्प करावा लागतो. मराठीच्या मॅडमनी मला जळगावच्या एका लेखिकेची दोन पुस्तकं ग्रंथालयातून काढून दिली. तिसरं कोणीतरी नेलेलं होतं. मी होस्टेलच्या कॉटवर पडून पहिलं पुस्तक उघडलं, आणि बराच वेळ मला कळेना की गोष्ट सुरू कधी होणार. गोष्ट नव्हतीच. बाई आपल्या घराबद्दल लिहीत होत्या. पाटबंधारे खात्यात नोकरी करणारा नवरा, त्याची धाकटी बहीण, पुण्याला गेलेली मुलगी, गच्चीतली अबोली. नवऱ्याने मुंग्यांना फसवायचं म्हणून साखर डाळीच्या डब्यात भरून ठेवली आणि डाळ साखरेच्या डब्यात, आणि मग स्वतःच विसरून चहात मूठभर हरभऱ्याची डाळ टाकली, यावर त्यांनी अख्खं प्रकरण लिहिलं होतं. मी एकटीच मोठ्याने हसले. पलीकडच्या कॉटवरची मुलगी म्हणाली, "मोबाईल बघतेय का?" मी म्हटलं, "नाही, अभ्यास करतेय." तिला ते पटलं नाही.

असल्या गोष्टी पुस्तकात घालता येतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात तर त्या रोज घडतात आणि वाया जातात.

मला त्यांना भेटायचं होतं. मॅडमनी नंबर दिला. होस्टेलमध्ये सगळ्या ऐकतात, म्हणून मी पांझरा नदीच्या पुलावर जाऊन, एका कानावर हात दाबून फोन लावला. पलीकडचा आवाज पुस्तकातल्यासारखा हसरा नव्हता.

"मी फारशी कोणाला भेटत नाही," त्या म्हणाल्या. "मुलं येतात, गाइडातले प्रश्न विचारतात, फोटो काढतात आणि जातात. तुम्ही या, पण एकट्याच या. अर्धा तास बोलू. तेवढ्यात मला कळतं समोरच्याने वाचलंय की नाही. वाचलेलं नसेल तर चहा पिऊन जायचं."

मी "हो" म्हटलं. पुलावरून एक ट्रॅक्टर गेला आणि मी पुन्हा एकदा "हो" म्हटलं. मी वाचलं होतं. पण ते त्यांना अर्ध्या तासात कळेल कसं, याची भीती मनात बसली ती बसलीच.

मग सुट्टी लागली आणि मी साक्रीजवळच्या आमच्या गावी आले. घरी कुरडयांचे दिवस होते. भिजवलेल्या गव्हाचा चीक मोठ्या पातेल्यात शिजत होता, अंगणात खाटांवर जुन्या साड्या अंथरलेल्या होत्या, आणि मदतीला समोरच्या घरातली अक्का आलेली होती. अक्का वयाने सगळ्यांत मोठी, त्यामुळे हुकूम तिचा. मलाही साचा हातात दिला गेला. माझी पहिली कुरडई बघून मोठी माय म्हणाली, "हाई कुरडई शे का चिडीना खोपा?" दुसरी बघून माझी माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय, तू आपली बठ." माझ्या हातून साचा काढून घेतला आणि मला सावलीत बसवलं. रिकामी बसले होते म्हणून मी पुस्तक काढलं. पुस्तक काढलं म्हणून अक्का म्हणाली, "मनमां काय वाचस? मोठ्याघाई वाच, आम्हलेबी आयकू दे."

अशी सुरुवात झाली. पहिलं पान मी होतं तसं वाचलं. त्यांना कळत होतं, टीव्हीवर तेच मराठी असतं. पण त्या टीव्ही बघतात तसं गप्प बसून ऐकायला लागल्या आणि मला ते बरं वाटेना. मग मी वाचता वाचताच आमच्या अहिराणीत सांगायला लागले. डोळा पुस्तकावर, तोंडात आमची बोली. नवरा डब्यातली डाळ बघून मुंग्यांना टोमणा मारतो, ते वाक्य पुस्तकात "जा, आता नुसती डाळ खा" असं काहीसं होतं. मी मुंग्यांना 'बायांनो' अशी हाक मारली, "जा वं बायास्वन, आते नुसती दाय खा!"

अक्काच्या हातातला साचा थांबला. ती अशी हसली की चीक खाटेच्या बाहेर पडला.

त्यानंतर सकाळी चीक शिजला की हाक यायची, "पुस्तकवाली कथी शे?" लेखिकेच्या घरातली सगळी माणसं आमच्या अंगणात राहायला आल्यासारखी झाली. बाजू पडल्या. मोठी माय नणंदेच्या बाजूची, माय लेखिकेच्या. "नणिंदनं काय चुकनं? ती आपला भाऊना घर उनी." "उनी ते उनी, पन फ्रिज कसाले उघडस?" नवरा मात्र सगळ्यांचा लाडका होता. कुरडया संपल्या, तर माझ्या वाचनासाठी म्हणून नागलीचे पापड काढले गेले असं मी म्हणणार नाही, पण काढले गेले खरे.

दुसरं पुस्तक त्या नवऱ्याच्या आजारपणाचं आहे हे मला माहीत होतं. मी आधीच वाचलेलं होतं. त्यांना सांगून टाकावं का, याचा विचार करत राहिले आणि सांगितलं नाही. एका सकाळी ते पान आलं. बाईंनी ते अगदी साध्या शब्दांत लिहिलंय, त्यामुळे बोलीत सांगायला अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते वर बघायला. वाचून झालं तेव्हा लाटणी थांबलेली होती. अक्काने हाताचं पीठ झटकलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"ती बाईना मानूस गया," ती म्हणाली, "आन् आपन आठे पापड लाटी ऱ्हायनूत?"

मी समजावलं. म्हटलं, अक्का, याला बरीच वर्षं झाली. पुस्तकच जुनं आहे. त्यानंतर त्यांचं आणखी एक पुस्तक आलंय.

"तिले व्हयनात वरीस," माय म्हणाली. "आपले तं आज कळनं ना? सुतक आयकं तव्हयपाईन लागस."

नियम तसाच आहे, सुतक ऐकल्या दिवसापासून लागतं. आमच्याकडे कोणी गेल्याचं कळलं की त्या घरी भेटायला जातात. त्याला दारावर जाणं म्हणतात. उशिरा कळलं तर उशिरा जातात, पण जातात. न जाणं हा सरळ सरळ अपमान. आणि इतके दिवस ज्या घरातली डाळ-साखर आम्ही चघळली, त्या घरच्या दारावर जायचं नाही म्हणजे काय?

"दारवर जानं पडी," अक्काने निकाल दिला. "जयगावले जानारी कोन शे?"

तिघींनीही माझ्याकडे बघितलं. मी जळगावला जाणार होते, आणि दिवस ठरलेला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, त्यांनी एकटीला बोलावलंय. मोठ्या मायला ते खरंच समजलं नाही. "दारवर कोनी एकलं जास का?" तिने विचारलं. मी मायकडे बघितलं. तिला तरी समजेल असं वाटलं. पण माय कपाटातून फिकट रंगाची साडी काढत होती. माझा प्रकल्प, तो अर्धा तास, पुलावरचा फोन हे सगळं मी कोणत्या शब्दांत सांगणार होते? तुम्ही आलात तर त्या मला वाचणारी मुलगी समजणार नाहीत, असं? ते वाक्य मी मनात जुळवून बघितलं आणि ते मलाच आवडलं नाही. जळगावला फोन करून कळवावं असंही वाटलं. पण काय कळवणार? की तुमच्या नवऱ्याला भेटायला, म्हणजे तुम्हाला, आमच्या घरचे येताहेत?

आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. धुळ्याला गाडी बदलली. मी खिडकीशी बसून माझे प्रश्न मनात म्हणत होते. "आपल्या ललित लेखनातील कुटुंबजाणिवेविषयी काय सांगाल?" हा पहिला होता. मागच्या सीटवर नणंदेचा विषय सुरू होता. एरंडोल आलं तेव्हा मी सहज म्हटलं की पद्मालयचा गणपती इथून जवळच आहे. अक्का म्हणाली, "दारवर जातांना देवना नाव लेतस नही." केळी घेतली, ती मात्र खाल्ली.

मोठी माय सोबत असली की कुठेही उशीर होत नाही. आम्ही ठरल्या वेळेच्या पुष्कळ आधी त्या इमारतीखाली उभ्या होतो. मी म्हटलं, खाली बाकड्यावर बसू. अक्का म्हणाली, दारावर आलेली माणसं बाकड्यावर बसत नाहीत.

जिन्याच्या शेवटच्या वळणावर तिघींनी पदर पुढे ओढले. मला वाटलं होतं, शहर बघून, फरशी बघून त्या रडणं आवरतं घेतील. अक्काने सूर धरला.

"काय व्हयनं वं मायऽऽ!"

आणि मागून दोघींनी. आधी समोरचं दार उघडलं, मग वरच्या मजल्यावरचं, आणि मग ज्यांच्यासाठी आलो होतो ते. दारात बाई उभ्या होत्या. डोक्यावर मेंदी थापलेली, त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, मानेवर हिरवा ओघळ.

"काय झालं?" त्या घाबरून म्हणाल्या. "कोण गेलं?"

अक्काने रडणं थांबवलं, नाक पुसलं आणि फार मायेने सांगितलं, "तुमना मालक गयात ना, माय."

मला जिन्यावरून खाली पळून जावंसं वाटलं. बाईंनी एकेकीकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. मी काहीतरी म्हणाले. मी कॉलेजची, फोन केला होता ती, यांनी पुस्तक ऐकलं, मी वाचून दाखवते, काल-परवाच ते पान आलं. एवढं एका श्वासात. त्यांनी मानेवरचा ओघळ पुसला. मग समोरच्या दारातल्या शेजाऱ्यांना म्हणाल्या, "काही नाही, माझ्याकडेच आल्यात," आणि आम्हाला आत घेतलं.

आत सतरंजी नव्हती, सोफा होता. अक्का फरशीवरच बसली, म्हणून बाईही फरशीवर बसल्या, पिशवी सावरत. "चहा टाकते," असं म्हणून त्या उठायला लागल्या तर मोठी माय आडवी आली. "दुखना घरनी बाई चूलजोडे जात नही," असं म्हणत ती सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला. "चहाची पूड वर आहे," बाई इथून ओरडल्या, "आणि साखर..."

"माले माहीत शे!" आतून उत्तर आलं. "दायना डबामां!"

बाईंचं तोंड उघडं राहिलं. आत डबा उघडल्याचा आवाज आला. मोठी माय डबा हातात घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा पडलेला होता.

"यामां तं मेथ्या शेतस."

"अहो, किती वर्षं झाली त्याला," बाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात, मला वाटलं, पुस्तकातलं हसू आलं. "साखर आता बरणीत असते. मुंग्यासुद्धा येत नाहीत हल्ली. तिसऱ्या मजल्यावर कुठून येणार?"

चहा झाला. अक्काने त्यांचा हात हातात घेतला होता तो सोडला नाही, त्यामुळे त्यांना डाव्या हाताने प्यावा लागला. मग अक्काने विचारायचं ते विचारायला सुरुवात केली. कसं झालं? जवळ कोण होतं? पाणी मागितलं का?

"ते सगळं मी लिहिलंय," बाई जरा कोरडेपणाने म्हणाल्या. "तुम्ही ऐकलंत की."

"ते आयकं," अक्का म्हणाली. "आते तुम्ही सांगा."

दारावर गेल्यावर असंच असतं. सगळं माहीत असलं तरी घरच्या माणसाने सांगायचं आणि आलेल्याने पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचं. बाईंना ते माहीत असावं. त्यांनी कप खाली ठेवला आणि सांगायला लागल्या. पुस्तकातलंच होतं, पण क्रम वेगळा होता. मध्येच त्या दवाखान्यातल्या एका नर्सवर चिडल्या, मध्येच त्यांना मुलीच्या गाडीचं काहीतरी आठवलं. माय "हां माय, हां माय" करत होती. एक-दोनदा सगळ्यांचे डोळे भरले आणि आपापले पुसले गेले.

मी कोपऱ्यात बसून होते. माझा अर्धा तास केव्हाच संपला होता. कुटुंबजाणिवेचा प्रश्न विचारायची जागा कुठे सापडेना.

मग बाईंनीच माझ्याकडे बघितलं. "तुम्ही यांना वाचून दाखवलंत म्हणालात. कसं वाचलंत? मला दाखवा."

मी पिशवीतून पहिलं पुस्तक काढलं. पान लवकर सापडेना. डाळ-साखरेचं प्रकरण काढलं आणि छापल्याप्रमाणे वाचायला लागले. मोठी माय लगेच म्हणाली, "असं नही. आपलं वाच."

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मग मी आमच्या अंगणात वाचते तसं वाचलं. डोळा ओळीवर आणि बोली आमची. डबे आले, मुंग्या आल्या, चहातली डाळ आली. "जा वं बायास्वन, आते नुसती दाय खा!" हे म्हटल्यावर बाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. मला वाटलं, मी त्यांचं वाक्य बिघडवलं. मी थांबले.

"थांबू नका," त्या म्हणाल्या. पण पुढे त्यांनीच वाचू दिलं नाही. "ते असंच बोलायचे. अगदी असंच. ते तुमच्याच बाजूचे, साक्रीच्या पुढचे. मी रावेरकडची, केळीच्या भागातली. मला तुमची बोली कळते, बोलता येत नाही. छापायचं म्हणून मी त्यांचं सगळं बोलणं सरळ करून टाकलं." मग पदराने डोळे टिपता टिपता त्यांना हसू यायला लागलं. "आणि त्या बायास्वनच्या आधी एक शिवी होती. ती मी गाळली."

"कोनती?" अक्का आणि मोठी माय एकदम म्हणाल्या.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग अक्काच्या कानाशी वाकून सांगितली. अक्काचा पदर डोक्यावरून घसरला. हसता हसता तिला खोकला लागला. तिने ती मोठ्या मायच्या कानात सांगितली, मोठ्या मायने मायच्या. माझ्यापर्यंत ती आली नाही. आजतागायत कोणी मला सांगितलेली नाही.

त्यानंतर ते दारावर जाणं राहिलं की काय झालं, मला नीट सांगता येत नाही. मेंदी वाळून खडखडीत झाली होती. माय म्हणाली, चला, डोकं धुऊन देते. आणि न्हाणीघरात मोठी माय तांब्याने पाणी घालतेय, माय केस चोळतेय, बाई वाकून उभ्या आहेत आणि आतून नणंदेवर वाद चाललाय, हे मी बाहेरून ऐकलं. "ती आते कशी शे?" मोठ्या मायने विचारलं. "चांगली आहे. अजून फ्रिज उघडते," पाण्यातून उत्तर आलं.

उन्हं चढली तेव्हा अक्का उठली. दारावर आलेल्या माणसांनी निघताना "येतो" म्हणायचं नसतं. दुःखाच्या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये, म्हणून. तिघी काही न बोलता चपलांकडे गेल्या आणि जिना उतरायला लागल्या. मीही चपला घातल्या. एकही प्रश्न विचारला नव्हता. मी वाचलंय हे त्यांना कळलं की नाही, तेही त्या बोलल्या नव्हत्या. तशीच उतरले असते तर सगळं रीतीप्रमाणे झालं असतं, आणि तिथेच संपलं असतं.

केसांना टॉवेल गुंडाळून बाई दारात उभ्या होत्या.

"येते," मी म्हणाले.

जिन्यावरून मोठ्या मायने मागे वळून असे डोळे वटारले की विचारू नका.

बाईंनी टॉवेलची गाठ घट्ट केली. "कधी?" त्यांनी विचारलं. "तिसरं पुस्तक माझ्याकडे आहे. ते तू यांना वाचून दाखवलेलं नाहीस अजून."

मग आम्ही दारातच उभं राहून दिवस ठरवायला लागलो. हा नको, त्या दिवशी मुलगी येणार, तो नको, त्या दिवशी माझं कॉलेज उघडणार. खालून अक्काच्या हाका येत होत्या, एसटी निघून जाईल म्हणून, आणि आमचा दिवस काही ठरत नव्हता.